‘पोरीवर प्रयोग नको’ म्हणणाऱ्या आईंना काय सांगायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा. धाकटी बहीण २९ वर्षांची, दुसऱ्यांदा दिवस गेलेत, बारावा आठवडा चालू आहे. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात बीपी १७०/११० वर गेलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि ३१ व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. बाळ १३०० ग्रॅमचं, पाच आठवडे काचेच्या पेटीत होतं. आता ती तीन वर्षांची आहे आणि घर डोक्यावर घेते. या वेळी गावातल्या डॉक्टरांनी आधीच रोज रात्री ॲस्पिरिन सुरू केली आणि नाव घालायला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे विचारलं, आमच्याकडे अभ्यास चालू आहे, निम्म्या बायकांना ७५ ची गोळी आणि निम्म्यांना १५० ची देतो, भाग घ्याल का? मेडिकलवाला म्हणतो, ही रक्त पातळ करायची गोळी, गरोदर बाईला कशाला? आई म्हणतात, पोरीवर प्रयोग करून घ्यायचा नाही, आणि ती गोळी उपाशीपोटी तर घेत नाही ना? जावई म्हणतात, तपासण्या फुकट होतायत, हरकत काय? आणि तुम्ही विचारताय, ऐकायचं कोणाचं.

मी चोवीस वर्षं बाळंतपणं करते आहे, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी. मधली काही वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर होते. असे अभ्यास सुरू करू द्यायचे की नाही, हे ही समिती ठरवते. तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही, तिचे कागद पाहिलेले नाहीत. तेव्हा गोळीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच.

घरात दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे, ती आधी सोडवू. ॲस्पिरिन घ्यायची का, हा एक प्रश्न आणि अभ्यासात जायचं का, हा दुसरा. आईंना वाटतंय की गोळी हाच प्रयोग. तसं नाही. तुमच्या बहिणीसारखा इतिहास असलेल्या बाईला ॲस्पिरिन द्यावी, यावर आता जगभर फारसं दुमत उरलेलं नाही. दुमत आहे ते कितीची द्यावी यावर. अभ्यास त्या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

हा आजार, प्रीएक्लॅम्पसिया, दिसतो विसाव्या आठवड्यानंतर, बीपी १४०/९० च्या वर जाऊन. पण त्याची सुरुवात फार आधी, वार गर्भाशयात रुजत असताना होते. रुजताना वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयातल्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्या रुंद, सैल करून टाकतात. शेतात पाणी सोडायच्या आधी चारी मोकळी करावी तसं. काही बायकांत हे काम अर्धवट राहतं. मग वारेला रक्त कमी पोचतं, वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, आणि सातव्या-आठव्या महिन्यात त्याचा परिणाम बीपी, मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांवर दिसतो. म्हणून गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली बरी. पाय सुजल्यावर ॲस्पिरिन सुरू करून काही साधत नाही. तुमच्या गावातल्या डॉक्टरांनी बाराव्या आठवड्याच्या आतच ती दिली, हे मला फार आवडलं.

ही गोळी कामाची आहे हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली. १९९४ मध्ये ‘क्लास्प’ नावाचा मोठा अभ्यास आला. १६ देश, ९३६४ बायका, रोज ६० मिलिग्रॅम. प्रीएक्लॅम्पसिया ॲस्पिरिनवाल्या गटात ६.७ टक्के आणि रिकाम्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीच्या गटात ७.६ टक्के. फरक इतका किरकोळ की अनेक डॉक्टरांनी ॲस्पिरिनचा नादच सोडला. त्यातल्या पुष्कळ जणींची गोळी उशिरा सुरू झाली होती आणि डोसही छोटा होता, याकडे लक्ष जायला वेळ लागला. २०१७ मध्ये ‘ॲस्प्री’ आला. त्यात आधी तपासण्या करून जास्त धोक्याच्या बायका निवडल्या, अकरा ते चौदा आठवड्यांत सुरुवात केली, रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिले आणि छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवले. सदतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लॅम्पसिया ॲस्पिरिनच्या ७९८ जणींपैकी १३ जणींना झाला, रिकाम्या गोळीच्या ८२२ जणींपैकी ३५ जणींना. दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात मात्र गोळीने काही फरक पडला नाही. म्हणजे ती सगळ्यावरची ढाल नाही. लवकर येणारा, बाळाला काचेच्या पेटीत पाठवणारा जो प्रकार आहे, तोच ती बऱ्याच अंशी टाळते. तुमच्या बहिणीला नेमका तोच झाला होता.

एकदा प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढच्या खेपेला तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहात एक, आणि बाळंतपण २८ ते ३४ आठवड्यांत करावं लागलं असेल तर तीनात एक, असं ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत धरलेलं आहे. मेडिकलवाल्याच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. ॲस्पिरिनने रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट एकमेकींना कमी चिकटतात, आणि स्वीडनमधल्या जन्मनोंदींच्या एका मोठ्या पाहणीत गोळी घेणाऱ्या बायकांत प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव थोडा जास्त आढळला होता. म्हणूनच आम्ही ती साधारण छत्तिसाव्या आठवड्याला थांबवतो. पण तीनात एक हा धोका डोळ्यांसमोर ठेवला की पारडं कुठे झुकतं ते स्पष्ट आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी, त्या गोळीने वाढणारा दमा, पोटात अल्सर, प्लेटलेट कमी असणं, रक्तस्रावाचा आजार, यांतलं काही असेल तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता डोस. अमेरिकेत ८१ मिलिग्रॅम देतात, ब्रिटनची मार्गदर्शिका ७५ ते १५० म्हणते आणि प्रसूतितज्ज्ञांची जागतिक संघटना ‘फिगो’ १५० च्या बाजूची आहे. मी स्वतः १५० देते. का, तर ‘ॲस्प्री’मध्ये तेवढी दिली होती म्हणून. पण त्या अभ्यासात १५० ची तुलना रिकाम्या गोळीशी होती, ७५ शी नव्हती. शिवाय तो झाला ब्रिटन, स्पेन, इटली, बेल्जियम, ग्रीस आणि इस्राएलमध्ये. माझ्या ओपीडीत बारा आठवड्यांची बाई ४२ किलोची असते आणि हिमोग्लोबिन ९. तिला तीच १५० लागते का? ७५ पुरते का? मला जे वाटतं त्याला पुराव्याचा आधार कमीच आहे, हे कबूल करायला हवं.

आपल्याकडे काहीच झालेलं नाही असं मात्र नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा देशांतल्या पहिलटकरणींना ८१ मिलिग्रॅम किंवा रिकामी गोळी दिली होती. जवळजवळ १२ हजार बायका होत्या आणि भारतातली दोन केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली, गरोदरपणातला रक्तस्राव वाढला नाही. खेड्यापाड्यांतल्या आपल्यासारख्याच बायका होत्या त्या. आईंना हे जरूर सांगा.

डोसाची तुलना करणारा अभ्यास म्हणजे एका गटाला नाडणं, असा समज असतो. म्हणून कॅल्शियमची गोष्ट सांगते. बीपीचा हा आजार टाळायला, आहारात कॅल्शियम कमी असेल तर, रोज १५०० ते २००० मिलिग्रॅम कॅल्शियम द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. दिवसाला तीन-चार मोठाल्या गोळ्या, त्याही लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत. कोण घेतं? मग भारतात आणि टांझानियात प्रत्येकी ११ हजार पहिलटकरणींवर ५०० विरुद्ध १५०० अशी तुलना झाली, निकाल २०२४ च्या सुरुवातीला आला. भारतात प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण ५०० च्या गटात ३.० टक्के, १५०० च्या गटात ३.६ टक्के. कमी डोसवाल्यांचं काही बिघडलं नाही. आता एका गोळीवर भागतं, हे आपण खात्रीने बोलू शकतो.

आईंच्या भीतीबद्दल. ती अडाणीपणाची नाही. डीईएस नावाचं एक संप्रेरक १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गरोदर बायकांना गर्भपात टळावा म्हणून सर्रास दिलं जायचं. शिकागोत त्यावर रीतसर अभ्यास झाला आणि १९५३ मध्ये निष्कर्ष छापला गेला की याचा काडीचा उपयोग नाही. तरी डॉक्टर ते लिहीत राहिले, जवळजवळ वीस वर्षं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग दिसू लागला. धागा सापडला तो त्यांच्या आयांनी गरोदरपणी घेतलेल्या डीईएसपाशी. आणि शिकागोच्या त्या अभ्यासातल्या बायकांना आपण अभ्यासात आहोत हे सांगितलेलंच नव्हतं. पुढे त्यांनी विद्यापीठावर खटला भरला. यात दोन पापं आहेत. एक, न विचारता अभ्यासात घातलं. दुसरं, अभ्यासाने जे सांगितलं ते न ऐकता औषध देत राहिले. आईंना फक्त पहिल्याची भीती वाटते. मला दुसऱ्याची जास्त वाटते, कारण त्यात लाखो बायकांना ते औषध दिलं गेलं आणि तिथे सही कोणाचीच मागितली नव्हती.

तुमच्या बहिणीला मागच्या वेळी जे मिळालं, तेही कुणीतरी असंच होकार दिल्यामुळे मिळालं. बीपी १७०/११० होतं म्हणजे झटके (फिट) येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं बहुतेक दिली असतील. अंग पेटल्यासारखं गरम होतं त्याने, तिला विचारा, विसरली नसेल. मी शिकत होते तेव्हा वॉर्डाच्या टोकाला एक अंधारी खोली असायची. झटके आलेल्या बाईला तिथे ठेवायचे. उजेड नको, आवाज नको, परिचारिकांनी चपला काढून आत जायचं. झोपेची औषधं द्यायची आणि वाट पाहायची. १९९५ मध्ये आपल्यासारख्या देशांतल्या १६८७ बायकांवरचा अभ्यास आला. डायझेपाम या झोपेच्या औषधापेक्षा मॅग्नेशियमने पुन्हा झटका येण्याचं प्रमाण निम्म्यावर आणलं. २००२ च्या ‘मॅगपाय’ अभ्यासात ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका होत्या. झटका यायच्या आधीच मॅग्नेशियम दिलं तर झटक्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यातून कळलं. ती अंधारी खोली आता सामान ठेवायला वापरतात. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं, त्यांची सुरुवात १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या २८२ बायकांपासून झाली. बीपी उतरवायची गोळीसुद्धा घ्या. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ बायकांवर निफेडिपिन, लॅबेटालॉल आणि मिथाइलडोपा या तीन स्वस्त गोळ्यांची तुलना झाली, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निफेडिपिनने ८४ टक्के बायकांचं बीपी सहा तासांत सुखरूप ताब्यात आलं, बाकी दोन्हींनी ७६-७७ टक्क्यांचं. जिथे सलाइनचा पंप नाही, रात्री एकच सिस्टर आहे, अशा ठिकाणी हा अभ्यास किती उपयोगी आहे हे मोठ्या शहरातल्या माणसाला कळणार नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये त्या गोळ्या असतात.

तर अभ्यासात जावं का? समितीवर असताना कुठलाही प्रस्ताव हातात आला की मी आधी एकच पान शोधायचे: ज्या गटाला कमी मिळणार आहे, त्याला काय मिळणार आहे? एकदा असा प्रस्ताव आला की मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बायकांच्या एका गटाला चक्क रिकामी गोळी द्यायची होती. तो आम्ही परत पाठवला. ॲस्पिरिनचा उपयोग माहीत असताना अशा बाईला ती नाकारणं बरोबर नाही. तुमच्या बहिणीच्या अभ्यासातही तसा गट असेल, तर माझं उत्तर सरळ ‘नको’. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे ७५ आणि १५० असेच दोन गट असतील, तर दोन्ही डोस आज जगात कुठे ना कुठे रीतसर दिले जातात. तिथे जाणंही योग्य आणि न जाणंही.

इथे मला स्वतःलाच अडचणीचा प्रश्न विचारायला हवा. मी १५० देते म्हणता, मग ती ७५ च्या गटात गेली तर चालेल का? गट डॉक्टर ठरवत नाहीत, संगणक ठरवतो. खुर्ची बदलली की माझं उत्तर थोडं बदलतं. समितीच्या खुर्चीत मी या अभ्यासाला मंजुरी दिली असती. ओपीडीच्या खुर्चीत, समोर ३१ आठवड्यांचं सिझर झालेली बाई असताना, मी जरा रेंगाळते आणि विचारते, तिचं वजन किती? सत्तर किलो असेल तर मी १५० वरच अडून बसेन आणि अभ्यासाला नम्रपणे नाही म्हणायला सांगेन. ४५ असेल तर कुठल्याही गटात गेली तरी मला झोप लागेल. हा माझा कल झाला. दुसऱ्या डॉक्टरांचा उलटा असू शकतो.

फुकट तपासण्यांवरून जावयांनी निर्णय घेऊ नये. रक्ताच्या तपासण्या सरकारी रुग्णालयात तशाही होतात. अभ्यासात जायचा खरा फायदा वेगळा असतो: तारीख चुकली की कुणीतरी फोन करतं. बीपी चढलेल्या बाईचा घात कशाने होतो, तर महिनाभर कुणी बीपी पाहिलेलं नसतं. तोटा म्हणाल तर जास्तीच्या फेऱ्या, जास्त वेळा रक्त देणं, एसटीचं भाडं, थोरलीला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. ते रुग्णालय घरापासून किती लांब आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन तासांच्या वर असेल तर मी आणखी विचार करेन.

संमतीचा कागद मराठीत हवा आणि तो घरी नेऊ द्यायला हवा. ‘आत्ताच सही करा’ म्हणाले तर तिथेच थांबा. कागदावर एथिक्स कमिटीचा फोन असतो, तो आहे का पाहा. भारतातल्या अभ्यासांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, कुणालाही इंटरनेटवर बघता येते. त्यांच्याकडून नोंदणी क्रमांक मागा आणि गट कोणते आहेत ते तुम्ही स्वतः वाचा. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, मधेच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहणार ना, रात्री दोनला डोकं दुखायला लागलं तर कोणाला फोन करायचा, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना ते अडखळले, तर बाकी कागद कितीही चांगले असोत, मला ती जागा आवडणार नाही.

आणखी एक, जे मी एका ओपीडीत डोळ्यांनी पाहिलं. कागद सासूबाईंसमोर ठेवला होता, सून मागे उभी. सासूबाईंनी मान हलवली, सुनेने सही केली. मी बाहेर तिला विचारलं, कशावर सही केलीस गं? म्हणाली, लोहाच्या गोळ्या देणार आहेत. अभ्यास होता रक्ताचे नमुने साठवण्याचा. तुमच्या प्रश्नात आईंचं मत आहे, जावयांचं आहे, मेडिकलवाल्याचंसुद्धा आहे. बहिणीचं काय म्हणणं आहे, ते एका ओळीतही नाही. कायद्याने संमती तिची लागते, आणि मागच्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर तीच होती. फोन करून आधी तिला विचारा.

अभ्यासात जाओ वा न जाओ, काही गोष्टी करायच्याच. घरी दंडावर बांधायचं बीपीचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. विसाव्या आठवड्यानंतर आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं शांत बसून मोजायचं आणि वहीत लिहायचं. १४०/९० दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, १६०/११० दिसलं तर लगेच गाडी काढायची. सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, हेही तितकंच तातडीचं. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस बीपी पाहणं सोडू नका. घरी बारशाची गडबड असते आणि झटके त्याच सुमारास येतात, हे मी पाहिलं आहे.

मेडिकलवाल्याच्या बोलण्यावरून मधे गोळी बंद केली असेल तर आजच परत सुरू करा आणि किती दिवस चुकली ते डॉक्टरांना सांगा. ‘ॲस्प्री’मध्ये ज्यांनी दहातल्या नऊ गोळ्या तरी घेतल्या, त्यांनाच सगळ्यात जास्त फायदा झाला होता. आणि आईंना सांगा, उपाशीपोटी नाही, रात्रीच्या जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर.